चिमूटभर मातीतला फास

गेल्या वर्षी मृग बहार धरण्याच्या थोडे आधी माझ्या मामांनी सांगोल्याहून प्लॅस्टिकच्या पिशवीत डाळिंबाची पांढरी मुळी आणि तिच्याभोवतीची मूठभर माती पाठवली. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिके घेते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या सर्व गोष्टींची जबाबदारी माझ्याकडे आहे असे आमच्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलेले आहे. मुळीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. त्या कशाच्या, हे सांगायला सूक्ष्मदर्शकाचीही फारशी गरज नव्हती, कारण मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीने (नेमॅटोड, म्हणजे दोऱ्यासारखा सूक्ष्म कृमी) सांगोला-पंढरपूर पट्ट्यातील डाळिंबाच्या बागा किती वर्षांपासून पोखरल्या आहेत, हे तिकडच्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक आहे. निदान फोनवर सांगून झाले. पिशवीत माती मात्र उरली होती, आणि तिचे काय करायचे हे मी पिशवी उघडतानाच ठरवले होते.

सूत्रकृमींना पकडून खाणाऱ्या बुरशा मातीत असतात हे मी विद्यार्थिदशेत वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते, पण स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांना मातीतून बाहेर बोलावण्याची रीत अगदी साधी आहे. पेट्री डिश या काचेच्या चपट्या बशीत नुसते पाणी आणि अगर (जेलीसारखा गोठणारा पदार्थ) यांचा पातळ थर ओतायचा. त्यात साखर, बटाट्याचा अर्क, पेप्टोन असे काहीही घालायचे नाही. थर गोठला की मध्यभागी चिमूटभर माती भुरभुरायची आणि वर सूत्रकृमी असलेल्या पाण्याचे काही थेंब सोडायचे. आमच्याकडे शिजवलेल्या ओटवर वाढवलेले पानाग्रेलस प्रजातीचे निरुपद्रवी सूत्रकृमी होते. त्या डब्याला आंबलेल्या ताकासारखा वास येतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ते इतक्या संख्येने चढतात की ओला काचेरी लेप वळवळत असल्याचा भास होतो. एवढे केले की डिश कपाटात ठेवून दोन-तीन आठवडे धीर धरायचा.

माझा धीर पहिल्या खेपेला वाया गेला. सहापैकी चार डिशमध्ये मातीतल्या कोळीवर्गीय किड्यांनी धुडगूस घातला आणि उरलेल्या दोन हिरव्या बुरशीने व्यापल्या. शिक्षकाच्या अंगात मुरलेल्या सवयीने मी अगरमध्ये जरासे पोषकद्रव्य मिसळले होते, 'उपाशी कशाला ठेवायचे' या विचाराने. तीच चूक होती. ती चूक कशी होती हे कळले तेव्हा या बुरशीचा स्वभावच मला कळला, असे मी म्हणेन, आणि या लेखात मुख्यतः तेच सांगायचे आहे.

दुसऱ्या खेपेला, चौदाव्या दिवशी, झाकण न काढता डिश उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मातीच्या कणांपासून दूर, मोकळ्या अगरवर, काचेच्या काड्यांसारखे ताठ उभे दांडे दिसले आणि त्यांच्या टोकाला नासपतीच्या आकाराचे, मध्ये आडवी भिंत असलेले दोन पेशींचे बीजाणू झुपक्याने लगडलेले होते. ही आर्थ्रोबोट्रिस. बीजाणूंच्या आकारावरून ती ऑलिगोस्पोरा हीच जाती असावी असा माझा तर्क आहे. दांड्याच्या बुडाशी, अगरच्या पृष्ठभागावर, तंतूंनी एकमेकांना जोडून तयार केलेली कड्यांची जाळी होती. सपाट नव्हे, तर गुंतलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखी तिन्ही दिशांना वळलेली. त्या जाळीत डोक्याच्या बाजूने अडकलेला एक सूत्रकृमी शेपूट आपटत होता. कड्याचा आतला भाग त्याच्या अंगाला घट्ट आवळलेला नव्हता. तो केवळ चिकटला होता. जितका तो वळवळे, तितका अंगाचा आणखी एखादा भाग शेजारच्या कड्याला चिकटे. मी सुमारे चाळीस मिनिटे पाहत बसले. हालचाल मंदावत गेली, मग थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी त्याची कातडी तेवढी शाबूत होती आणि आत, पोत्यात दोर कोंबावेत तसे, एकाला एक लागून कवकतंतू भरलेले होते.

या दृश्याचा अर्थ लागायला विज्ञानाला बराच काळ लागला. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा या बुरशीचे वर्णन गेओर्ग फ्रेसेनिउस या जर्मन अभ्यासकाने १८५०च्या सुमारास केले, पण ते कुजणाऱ्या पदार्थांवर वाढणारी एक साधी बुरशी म्हणून. पुढे रशियन शास्त्रज्ञ मिखाईल व्होरोनिन यांना तिची कडी दिसली, तरी ती कशासाठी आहेत हे उमगले नाही. १८८८ मध्ये फ्रीडरिक विल्हेल्म त्सोप्फ यांनी जिवंत सूत्रकृमी त्या कड्यांमध्ये अडकून मरतात आणि बुरशी त्यांना आतून खाते हे पाहिले आणि नोंदवले. त्यानंतरही हा विषय जवळजवळ अर्धशतक एक चमत्कारिक अपवाद म्हणूनच राहिला.

त्याला शास्त्राचे रूप दिले ते चार्ल्स ड्रेश्लर यांनी. अमेरिकेच्या कृषी खात्यात ते मुळे कुजवणाऱ्या पिथियमसारख्या रोगकारकांवर काम करत असत. कुजलेल्या मुळांचे तुकडे ते अगरवर ठेवत. डिश जुनी होत गेली की मुळांबरोबर आलेले सूत्रकृमी आणि अमीबा त्यात वाढत, आणि मग त्यांना खाणाऱ्या बुरशा उगवत. दुसरा कोणी असता तर त्याने त्या दूषित डिश धुवायला टाकल्या असत्या. ड्रेश्लर त्यांच्याकडे पाहत बसले आणि चित्रे काढू लागले. १९३०च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे त्यांनी अशा बुरशांच्या एकामागून एक जाती वर्णिल्या. ती रेखाचित्रे आजही पाहावीत अशी आहेत: प्रत्येक सापळा, प्रत्येक अडकलेला जीव, त्याच्या शरीरात शिरलेला प्रत्येक तंतू, सगळे एकाच प्रमाणावर आणि कमालीच्या संयमाने काढलेले. फासवाल्या बुरशांच्या एका प्रजातीला आज ड्रेश्लरेला हे नाव आहे, ते त्यांच्यावरूनच.

सापळ्यांचे प्रकार अनेक आहेत. माझ्या डिशमधली चिकट जाळी हा सर्वांत सामान्य प्रकार. काही बुरशा छोट्या देठावर एकच चिकट गाठ धरतात, काही आखूड चिकट फांद्या काढतात. काहींची कडी चिकट नसतात आणि आकसतही नाहीत. सूत्रकृमी त्यात डोके खुपसतो, पुढे रेटतो आणि पाचरीसारखा अडकतो. जोर लावून त्याने कडे देठापासून तोडले तरी सुटका नाही, कारण गळ्यातल्या पट्ट्यासारखे ते कडे घेऊन तो हिंडत असतानाच कड्यातून तंतू फुटतो आणि कातडी भेदून आत शिरतो.

आकसणारा फास हा मात्र या सगळ्यांचा मेरुमणी आहे. तीन वक्र पेशी टोकाला टोक जोडून एक कडे तयार करतात. कड्याचा व्यास मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा, म्हणजे सूत्रकृमी सहज आत शिरेल इतकाच. त्याचे अंग कड्याच्या आतल्या बाजूला घासले की तिन्ही पेशींमध्ये पाणी घुसते आणि त्या आतल्या बाजूला फुगून सुमारे तिप्पट आकाराच्या होतात. या फुगण्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मधली पोकळी नाहीशी होते आणि प्राण्याची कंबर सुतळीने आवळल्यासारखी दबून जाते. ही क्रिया उलट फिरत नाही. एकदा फुगलेले कडे पुन्हा उघडत नाही, त्यामुळे प्रत्येक फास एकदाच वापरायचा असतो. फ्रान्समध्ये झाँ कोमांदाँ आणि पिएर द फोंब्रून यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकातून या क्रियेचे चलच्चित्रण केले. माझ्या डिशमध्ये असा फास अजून उगवलेला नाही. मी तो चित्रफितीतच पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी माझी नजर नेमक्या त्या क्षणाला चुकते.

आता माझ्या चुकीकडे वळते. ही बुरशी पोषक माध्यमावर, सूत्रकृमींच्या अनुपस्थितीत वाढवली तर ती मजेत वाढते, पण सापळे जवळजवळ करतच नाही. ती मुळात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर जगू शकणारी बुरशी आहे. सापळा बांधणे खर्चाचे काम आहे, आणि ते ती तेव्हाच करते जेव्हा खायला कमी असते आणि शिकार जवळ असल्याची चाहूल लागते. ही चाहूल रासायनिक असते हे बरेच आधी कळले होते. ज्या पाण्यात सूत्रकृमी राहिले होते ते पाणी गाळून दिले तरी बुरशी सापळे करते, आणि त्या अज्ञात द्रव्याला १९५९ मध्ये 'नेमिन' असे नावही देण्यात आले. ते द्रव्य नेमके काय असावे, याचे मोठे उत्तर २०१३ मध्ये मिळाले. सूत्रकृमी एकमेकांशी 'अस्कारोसाइड' नावाच्या रेणूंच्या द्वारे बोलतात: गर्दी किती आहे, जोडीदार कुठे आहे, वाढ थांबवून तग धरायची वेळ आली आहे का, हे सगळे त्यांना या रेणूंवरून कळते. येन-पिंग श्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आर्थ्रोबोट्रिस हीच भाषा चोरून ऐकते. अस्कारोसाइड दिले की, सूत्रकृमी एकही नसताना, बुरशी सापळे बांधायला घेते. म्हणजे सूत्रकृमीने आपल्या जातभाईंना घातलेली हाक हीच त्याच्या विरुद्धची फिर्याद ठरते.

श्वे यांच्याच पुढच्या कामातून उलट दिशेची गोष्टही कळली. ही बुरशी काही वासाची द्रव्ये हवेत सोडते. ती सूत्रकृमीला अन्नाच्या किंवा जोडीदाराच्या वासासारखी वाटतात आणि तो आपल्या पायांनी, पाय असते तर, चालत येतो. दोन्ही बाजूंचा हा संवाद वाचल्यावर माझ्या डिशमधल्या त्या दोन आठवड्यांच्या शांततेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तिथे सतत काही ना काही बोलले आणि ऐकले जात होते.

ही उपासमार कशाची, हा प्रश्न उरतो. पालापाचोळा आणि लाकूड यांत कर्ब भरपूर असतो. कमतरता असते ती नत्राची. कर्ब-नत्र गुणोत्तर हा शब्द आपल्याकडे कंपोस्ट करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. गव्हाच्या काडात ते साधारण ऐंशीस एक असते, लाकडात कित्येक शेकड्यांस एक. अशा जागी राहणाऱ्या बुरशीला ऊर्जेची ददात नसते, पण प्रथिने बांधायला लागणारा नत्र मिळत नाही. एक मिलिमीटरचा सूत्रकृमी म्हणजे तिच्या दृष्टीने नत्राची चालतीबोलती पिशवी. म्हणून 'मांसाहारी बुरशी' या शब्दाने जे चित्र उभे राहते ते मला फारसे पटत नाही. भाकरी घरात आहे, पण कालवणाला काही नाही, अशा घरातल्या माणसाने ओढ्यावर जाऊन चार मासे धरून आणावेत, तसा हा प्रकार आहे.

नत्राची हीच तहान आपल्या ओळखीच्या धिंगरी अळिंबीलाही असते, आणि हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. कॅनडातील ग्रेग थॉर्न आणि जॉर्ज बॅरन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की धिंगरीचे तंतू सूत्रकृमींना मारून खातात. तिथे फास नाही, जाळी नाही. तंतूंवर अतिसूक्ष्म गोळीच्या आकाराचे अवयव असतात. सूत्रकृमी त्यांना भिडला की काही मिनिटांतच लुळा पडतो आणि मग तंतू त्याच्या तोंडाकडे वळून आत शिरतात. त्या गोळ्यांमध्ये ३-ऑक्टॅनोन हे द्रव्य असते आणि ते सूत्रकृमीच्या पेशींची आवरणे फोडते, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मी हे सांगितल्यावर मामींनी लगेच विचारले, "म्हणजे आता ही भाजी शाकाहारी का मांसाहारी?" मी त्यांना सांगितले की बाजारातील धिंगरी गरम पाण्यातून काढलेल्या निर्जंतुक काडावर वाढवलेली असते, तेव्हा तिला बिचारीला सूत्रकृमी दिसण्याचा योग क्वचितच येत असेल. मामींचे समाधान झाले नाही. त्या अळिंबी पूर्वीही खात नव्हत्या, हे नोंदवून ठेवते.

या नत्राचा प्रवास बुरशीपाशीच थांबतो असे नाही. लकारिया बायकलर ही पाइन वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी स्प्रिंगटेल नावाच्या उड्या मारणाऱ्या बारीक प्राण्यांना मारते. जॉन क्लिरोनोमोस आणि मिरांडा हार्ट यांनी २००१ मध्ये दाखवले की त्या प्राण्यांच्या शरीरातला नत्र बुरशीमार्फत झाडात पोचतो, आणि प्रयोगातील रोपांच्या नत्रापैकी पाव भागापर्यंत वाटा या मार्गाने आलेला होता. त्या बदल्यात झाड बुरशीला साखर देते. याशिवाय पाण्यातील रोटिफर हे सूक्ष्म प्राणी आणि मातीतील अमीबा धरणाऱ्या बुरशा वेगळ्याच आहेत. त्यांचे फास लावणाऱ्या बुरशांशी जवळचे नाते नाही, म्हणजे ही युक्ती बुरशांच्या कुळात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निपजलेली आहे. किती जुनी, याचाही एक पुरावा हाती आहे: फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात सापडलेल्या सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात बुरशीची कडी आणि शेजारीच सूत्रकृमी असे दोन्ही गोठलेले मिळाले. ती कडी एकाच पेशीची आहेत, आजच्यासारखी तीन पेशींची नाहीत. डायनासोर वर चरत असताना खाली जमिनीवर हा उद्योग चाललेला होता.

मामांना मी जाळीत अडकलेल्या सूत्रकृमीचे छायाचित्र पाठवले. तासाभरात त्यांचा फोन आला. "अगं, माझ्याच बागेतल्या मातीत हे औषध हाय म्हणतीस, मग बाटलीत भरून मिळंल का ते? ठिबकमधनं सोडतो." प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो जगभर विचारून झालेला आहे. हवाईतील अननसाच्या शेतांसाठी १९३०च्या दशकातच या दिशेने प्रयोग झाले; मातीत हिरवा पाला कुजवला की मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या घटते असे तेव्हा आढळले होते. फ्रान्समध्ये पुढे आर्थ्रोबोट्रिसची उत्पादने विक्रीलाही आली. पण शेतात त्यांचा भरवसा कधीच नीट बसला नाही, आणि माझ्या मते याचे कारण त्या कपाटातल्या डिशमध्येच आहे.

मी मामांना ते जमेल तसे समजावले. "मामा, ही बुरशी शिकारीवर पोट भरणारी नाही. तुम्ही शेणखत टाकलंत आणि तिला आयतं खायला मिळालं, तर ती फास लावायच्या भानगडीत पडायची नाही. आणि फास लावले तरी त्यात जो येईल तो अडकणार. जंतू खाणारे गरीब सूत्रकृमीच मातीत जास्त असतात, तेच जास्त सापडणार." तिसरी अडचण आणखी मोठी आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची मादी मातीत हिंडत नाही. ती गाठीच्या आत, फुगलेल्या थैलीसारखी, एका जागी बसून असते आणि चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. बुरशीच्या फासाच्या टप्प्यात येते ती फक्त अंड्यातून निघून नव्या मुळीच्या शोधात निघालेली पिल्ले, तीही मुळीत शिरेपर्यंतच. आपल्याकडे सूत्रकृमीसाठी आळवणीला म्हणून जी पॅसिलोमायसिस बुरशी मिळते, तिचे काम वेगळे आहे. ती फास लावत नाही, अंड्यांच्या पुंजक्यात शिरून अंडी खाते. गाठीच्या सूत्रकृमीसाठी ते अधिक नेमके आहे, असे मला वाटते.

फासवाल्या बुरशीचा उपयोग खरोखर साधलेला आहे तो शेतात नाही, शेणात. डडिंगटोनिया फ्लॅग्रन्स ही आर्थ्रोबोट्रिसची जवळची नातेवाईक. ती जाड कवचाचे विश्रामी बीजाणू भरपूर तयार करते. हे बीजाणू मेंढ्यांना किंवा गुरांना खाद्यातून दिले की ते पचनमार्गातून न मरता बाहेर पडतात, शेणात किंवा लेंड्यांत रुजतात, आणि जंतांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले गवतावर चढण्याआधीच जाळ्यात धरतात. ऑस्ट्रेलियात असे उत्पादन विकले जाते. इथे यश मिळाले याचे कारण मला उघड दिसते: बुरशी नेमकी तिथेच, नेमकी तेव्हाच पोचते, जिथे आणि जेव्हा शिकार दाटीने असते, आणि आधी मोठ्या मैदानावर स्वतःची जागा करून घेण्याची तिला गरज पडत नाही.

मामांनी या वर्षी दोन ओळींच्या मध्ये झेंडू लावला आहे, झाडाच्या आळ्यात निंबोळी पेंड टाकली आहे आणि पॅसिलोमायसिसची आळवणी केली आहे. बागेतल्या एका ओळीत मात्र माझ्या सांगण्यावरून त्यांनी काहीही केलेले नाही. त्या ओळीतल्या मातीची नवी पिशवी परवा आली. तिच्या आठ डिश मी नुसत्या पाण्याच्या अगरवर लावल्या आहेत, पोषकद्रव्याचा कणही न घालता. आज सहावा दिवस आहे. दोन डिशमध्ये तंतू मातीपासून बाहेर सरकू लागले आहेत, आणि पानाग्रेलस अजून मोकळे फिरत आहेत.